डिफर म्हणजे काय

ताईला गोंदियाला नेलं, हे मला सातवीच्या तासाला कळलं. देवरीजवळच्या एका खाजगी शाळेत मी मराठी शिकवते. तासाला फोन उचलायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, पण आईचा फोन थांबेना, तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन उचलला. आई कधीही फोन केला की आधी 'जेवली का' विचारते. त्या दिवशी तिने ते विचारलं नाही.

"ताईचं रगत जाऊन राह्यलं. गाडी आली. मी तिच्यासंग जाऊन राह्यली, तू गोंदियाले ये."

एवढं बोलून फोन बंद झाला. मी परत लावला तर लागला नाही. वर्गात येऊन मी टेबलावरचं पुस्तक मिटलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं असेल कोण जाणे, पहिल्या बाकावरची मुलगी उठून मला पाण्याची बाटली द्यायला आली.

ताई माझ्याहून मोठी. तिचं सासर चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या एका गावात. कालव्याचं पाणी असल्यामुळे तिकडे धान चांगलं होतं. ताईला नववा महिना लागला होता, दुसरी खेप, म्हणून आई तिच्याकडेच जाऊन राहिली होती. सोनोग्राफीत वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी आहे असं निघालं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की शेवटचे दिवस गावात राहू नका, आधीच गोंदियाला भरती व्हा. पण दिवाळी झाली आणि धान कापणीला आलं. मजूर मिळत नव्हते. तिच्या सासूबाई म्हणाल्या, शेताच्या चार बांध्या उरल्या आहेत, तेवढ्या मोकळ्या होऊ द्या, मग जा. भाऊजीही तेच म्हणाले. ताईने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट, दवाखान्यात रिकामं पडून राहण्यापेक्षा घरी बरं, असं तिलाच वाटत होतं. मीही 'बरं' म्हटलं. काम पुढे ढकलणं आमच्याकडे इतकं सवयीचं आहे की त्यात भिण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनात आलंच नाही.

गोंदियाच्या गाडीत उभं राहायलाच जागा मिळाली. वरचा दांडा धरून मी उभी होते. प्रत्येक थांब्यावर धान कापायला जाणाऱ्या बायका चढत होत्या, विळे पदरात गुंडाळलेले, हसत, एकमेकींना जागा देत. आमगाव यायच्या आधी आईचा एकदा फोन लागला. ती म्हणाली, पोचलो, ताई बोलते आहे. 'ताई बोलते आहे' हे वाक्य मी गोंदिया येईपर्यंत मनात धरून ठेवलं.

दवाखान्याच्या लांबट व्हरांड्यात आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. बाजूला बाक रिकामा होता, तरी ती जमिनीवर बसली होती. ओठ हलत होते. ती त्रिशरण म्हणत होती हे मला जवळ गेल्यावर कळलं. भाऊजी उभे होते. शेतातून तसेच आले होते, पँटच्या मोहरीला चिखल आणि बाह्यांवर धानाचं टोचरं कूस. ते माझ्याकडे बघेनात.

मला आत जाऊ दिलं. ताई पलंगावर होती आणि तिचे ओठ कागदासारखे झाले होते. मला बघून म्हणाली, "तू काऊन आली? शाळा नाई का आज?"

मी म्हटलं, सुट्टी आहे. तिने मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. नंतर डोळे न उघडताच विचारलं की पोरीला कोणी जेवू घातलं का. तिची पाच वर्षांची मुलगी गावी आजीजवळ राहिली होती. मी हो म्हटलं. मला काहीच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या आणि आम्हाला तिघांना बाहेर घेऊन बोलल्या. शांतपणे बोलल्या, त्यानेच मला जास्त भीती वाटली. ऑपरेशन लगेच करावं लागेल, त्या म्हणाल्या. अशा ऑपरेशनमध्ये रक्त जातं, ते हाताशी असायला हवं. ताईचा गट बी निगेटिव्ह. रक्तपेढीत या गटाची एकच पिशवी आहे, ती मागवली आहे. दुसरी लागली तर कुठून आणायची? घरात कोणी आहे का या गटाचं?

आमचे बाबा होते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. आईचा गट पॉझिटिव्ह, भाऊजींचाही पॉझिटिव्ह. आणि मी. माझ्या गाडीच्या लायसनवर बी निगेटिव्ह लिहिलं आहे.

"मी देते," मी म्हटलं, आणि ते म्हणताना शाळेतून निघाल्यापासून पहिल्यांदा मला नीट श्वास आला. काहीतरी माझ्या हातात होतं. आईने वर पाहिलं आणि माझा हात धरून दाबला. भाऊजींनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

रक्तपेढी दोन गल्ल्या सोडून होती. भाऊजी आणि मी चालत, जवळजवळ पळतच गेलो. भाऊजींचं रक्त ताईला चालणार नव्हतं, पण त्यांनाही द्यायचं होतं. कुणाच्या तरी कामी येईल, म्हणाले. मला वाटतं त्यांना नुसतं उभं राहणं जमत नव्हतं.

तिथला तरुण हिंदीत बोलणारा होता. गोंदियात निम्मं गाव हिंदीतच बोलतं, त्यात नवल नाही. त्याने वजन घेतलं, झोप झाली का, ताप होता का, औषधं चालू आहेत का असं भराभर विचारलं. मग टेबलावर निळ्या पाण्याची एक काचेची नळी ठेवली. मोरचुदाचं पाणी असतं तसं निळं. भाऊजींच्या बोटाला सुई टोचून त्याने रक्ताचा एक थेंब त्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब सरळ खाली गेला आणि तळाला बसला. तो म्हणाला, ठीक, उधर बैठिए.

मग माझं बोट. माझा थेंब पाण्यात पडला, थोडा खाली गेला आणि अधांतरी थांबला. मी बघत होते. तो हळूहळू वर आला आणि पाण्यावर तरंगत राहिला.

त्याने कपाळाला आठी घातली. दुसरं बोट टोचलं, दुसरी नळी घेतली. थेंब पुन्हा वर आला. मी भाऊजींच्या नळीकडे बघितलं. तिच्या तळाशी त्यांचा थेंब निमूट बसला होता.

"मॅडम, आपका डिफर है. आप नहीं दे सकते," तो म्हणाला, आणि मागे वळून पलीकडच्या मुलीला सांगितलं, "इनका डिफर करो."

तिने विचारलं, "टेम्पररी की परमनंट?"

"बडी मॅडम देखेंगी," तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बी निगेटिव्हसाठी कुणाशी तरी बोलू लागला. मी खुर्चीवरून उठले. माझ्या दोन्ही बोटांना कापूस होता.

विचारायला हवं होतं, हे मला कळत होतं. म्हणजे काय, एवढंच विचारायचं होतं. पण तो फोनवर होता, आणि खरं सांगायचं तर मला उत्तर नको होतं. शिवाय मला वाटलं की मला अर्थ कळला आहे. डिफरन्स हा शब्द तर आमच्याकडे भाजी विकणारीसुद्धा वापरते. डिफरन्स म्हणजे फरक. डिफर म्हणजे वेगळं. माझं रक्त वेगळं आहे. आणि ते कायमचं वेगळं आहे की तात्पुरतं, हे कोणी मोठ्या मॅडम ठरवणार आहेत. रक्त तात्पुरतं वेगळं कसं असेल, हा विचार मला सुचला नाही. घाबरलेल्या माणसाला असले विचार सुचत नाहीत.

बाहेर पायरीवर बसून मी मोबाइल काढला आणि तो शब्द लिहिला. माझं इंग्रजी एम. ए. मराठी केलेल्या बाईचं असतं तेवढंच. मी डी लिहिला, आय लिहिला, दोन एफ लिहिले. फोनने सांगितलं: भिन्न असणे, वेगळे असणे.

ताईला द्यायला रक्त नाही, ही एक भीती होती. तिच्या आड आता दुसरी येऊन बसली. मला लाज वाटली की ताई तिकडे पडलेली असताना मी स्वतःसाठी भिते आहे, पण भीती लाजेला विचारून येत नाही.

भाऊजी रक्त देऊन तिथेच थांबले, कोणी मिळतो का बघायला. मी दवाखान्यात परत गेले. आईने लांबूनच विचारलं, दिलं का? मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं की माझं घेतलं नाही, थेंब खाली बसला नाही, रक्त वेगळं आहे म्हणाले.

आईचा चेहरा मी विसरणार नाही. ती माझ्यापासून थोडी सरकली, मग पुन्हा जवळ आली आणि माझ्या कानाजवळ तोंड आणून म्हणाली, "माह्या भावाचं आलं तुह्यात. कोणाले सांगू नको."

तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, दरेकशाकडच्या डोंगरातल्या गावात वाढला आणि विशीतच गेला. त्याला सिकलसेल होतं हे तो गेल्यानंतर एका डॉक्टरने सांगितलं. मी त्याला पाहिलेलं नाही. आई त्याच्याबद्दल बोलत नाही. एवढं माहीत होतं की त्याचे हातपाय दुखायचे, पावसाळ्यात तो गोधडीत पडून कण्हायचा आणि कामाच्या दिवसांत तर हमखास. आमच्या भागात हा आजार खूप घरांत आहे. रक्तातच तो असतो आणि आईबापाकडून लेकरांत येतो. शाळा-कॉलेजांत तपासणी होते, लग्न जुळवताना लोक उघड विचारतात. ताईची तपासणी पहिल्या बाळंतपणात झाली, ती चांगली निघाली. माझी झाली नाही. कॉलेजमध्ये झाली त्या दिवशी मी तापात होते, आणि नंतर मी विषय काढला की आई म्हणायची, मंग पाहू. माझ्यासाठी स्थळं येऊ लागली, आमगावकडच्या एका घराने मुद्दाम विचारलंही, तेव्हाही ती म्हणाली, मंग पाहू. मलाही ते सोयीचं होतं. जे माहीत नाही ते नाही, असं मानून दिवस चांगले जातात.

आता व्हरांड्यात बसून मला माझे सगळे दुखणारे दिवस आठवू लागले. गेल्या थंडीत गुडघे दुखले होते. जिना चढताना हल्ली धाप लागते. फळ्यावर लिहिताना दंड भरून येतो. एकेक आठवण मी उचलायची आणि ती त्या आजाराच्या नावाशी बरोबर जुळायची. मामा विशीत गेला होता. मी सत्तावीस वर्षांची होते.

ताईला ऑपरेशनला नेलं. स्ट्रेचरवरून जाताना तिने मान वळवून आम्हाला शोधलं, पण मधे पडदा आला. दार बंद झालं. आई पुन्हा जमिनीवर बसली. आतल्या पलंगाखाली ताईच्या चपलांचा जोड राहिला होता. मी तो उचलून आमच्या पिशवीजवळ ठेवला.

थोड्या वेळाने भाऊजींचा फोन आला, माणूस मिळाला, पिशवी न्यायला कोणीतरी हवं. त्यांना चक्कर आल्यासारखं होत होतं. सकाळपासून उपाशी असताना, जेवलो म्हणून सांगून ते रक्त देऊन बसले होते. मी पुन्हा धावत गेले.

आलेला माणूस पन्नाशीचा, शिंपी असावा, कारण गळ्यात मोजायची फीत तशीच होती. त्या तरुणाने त्याला फोन करून दुकानातून बोलावलं होतं. असे निगेटिव्ह गटाचे काही लोक त्यांच्या ओळखीचे असतात, बोलावलं की येतात. त्याच्या बोटाचा थेंब निळ्या पाण्यात पडला आणि सरळ तळाला गेला. मी तो जाताना बघितला आणि मला त्याचा हेवा वाटला. हे लिहिताना विचित्र वाटतं, पण वाटला. तो पलंगावर आडवा झाला, रबराचा चेंडू दाबत राहिला. मी त्याला हात जोडले तेव्हा म्हणाला, "बहन है ना? जाओ, उसके पास बैठो."

पण पिशवी तपासून व्हायला वेळ होता. तेवढ्यात बडी मॅडम आल्या. त्या डॉक्टर होत्या, पांढरे केस, नागपूरकडचं मराठी. त्यांनी माझ्या बोटांचा कापूस बघितला आणि स्वतःच विचारलं, तुम्ही का त्या डिफर झालेल्या?

मी मान हलवली. मग मी विचारलं, "मॅडम, माझं रक्त वेगळं म्हणजे नेमकं काय आहे? सिकलसेल आहे का?"

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि मला बसवलं.

"वेगळं कोणी म्हटलं?"

"डिफर म्हणाले."

"अहो, डिफर म्हणजे पुढे ढकलणं. आज नको, नंतर या, एवढंच. तुमच्यात लोह कमी आहे, रक्त पातळ आहे, म्हणून थेंब तरंगला. आज तुमच्याकडून घेतलं असतं तर तुम्ही आजारी पडला असता."

मी त्यांना सांगितलं की मी फोनमध्ये बघितलं. त्यांनी फोन मागितला, बघितलं आणि त्यांना हसू आलं. पण त्या माझ्यावर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तो शब्द वेगळा, त्यात दोन एफ असतात. यात एकच, आणि डीच्या पुढे आय नाही, ई. डी-ई-एफ-ई-आर. बोलायला जवळजवळ सारखेच, म्हणून घोळ होतो. मग त्यांनी मला नीट समजावलं, मी शिक्षिका आहे हे कळल्यावर जरा जास्तच. परीक्षा डिफर होते, ऑपरेशन डिफर होतं, नोकरीवर रुजू होणं डिफर करता येतं. पोस्टपोन करताना आपण बहुतेक पुढची तारीख देतो. डिफर करताना असं म्हणतो की आज परिस्थिती बरोबर नाही, ती बरोबर झाली की बघू. नकार त्यात नसतो. रक्तपेढीत तर हा रोजचा शब्द आहे, त्यामुळे समोरच्याला तो कळत नसेल हे पोरांच्या लक्षातच येत नाही, असंही त्या म्हणाल्या आणि त्या तरुणाला हाक मारून सांगितलं की यापुढे 'बाद में आइए, अभी खून कम है' असं साध्या भाषेत सांगत जा. त्याने माझ्याकडे बघून कान पकडले.

"पण परमनंटसुद्धा म्हणाले," मी म्हटलं.

काही आजारांत कायमचं नको म्हणावं लागतं, त्या म्हणाल्या, तुमचं तसं काही दिसत नाही. मग विचारलं, सिकलसेल कुठून आलं डोक्यात? मी मामाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की निळ्या पाण्यातला थेंब त्याबद्दल काहीच सांगत नाही, 'आहे' असंही नाही आणि 'नाही' असंही नाही. त्यासाठी वेगळी तपासणी आहे. ती मात्र डिफर करू नका.

म्हणजे भीती गेली नाही. तिला आता नुसतं नाव आलं आणि जागा मिळाली. पिशवी थर्माकोलच्या डब्यात घालून दिली, ती छातीशी धरून मी निघाले. भाऊजी सोबत होते. दोन गल्ल्यांच्या वाटेत ते एकदाच बोलले. "मी आठ दिवस आधी आणाले पाह्यजे होतं तिले." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांच्या बाहीवरचं कूस बघून तो येईना.

दवाखान्यात पोचलो तेव्हा एक नर्स दाराशी उभीच होती. तिने डबा हातातून जवळजवळ ओढून घेतला. पहिली पिशवी संपली होती. बाळ झालं होतं, मुलगा, रडला होता, त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. पण ताईचं रक्त थांबत नव्हतं. हे तिने एका दमात सांगितलं आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. उन्हं व्हरांड्यातून सरकून भिंतीवर गेली. आई त्रिशरण म्हणायची थांबली होती. ती नुसती दाराकडे बघत होती, पापणी न हलवता. भाऊजी बाळाला बघायला गेले नाहीत. नर्सने दोनदा बोलावलं, तरी ते तिथून हलले नाहीत. मी ताईच्या चपलांकडे बघत होते. मनात एकच येत होतं, माझं रक्त आज तिथे असायला हवं होतं, आणि माझ्या जागी एका अनोळखी शिंप्याचं रक्त तिच्या अंगात जात होतं, आणि ते पुरेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा दिवे लागले होते. त्यांचा चेहरा थकलेला होता. त्या म्हणाल्या, थांबलं. गर्भपिशवी काढावी लागली नाही. आजची रात्र लक्ष ठेवू. आईने त्यांचे पाय धरायला हात पुढे केले आणि त्यांनी तिला मधेच उचललं. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलू लागले.

ताई सुटून घरी जाईपर्यंत आई आणि मी गोंदियातच होतो. ती पलंगावर बसून पेज प्यायला लागली, त्या दिवशी मी आईला म्हटलं की आज मी तपासणी करून येते, दवाखान्याच्या खालच्याच मजल्यावर आहे. आईने पिशवी आवरता आवरता म्हटलं, "आत्ता कायले? मंग पाहू ना."

मी चिडले नाही. मी तिला सांगितलं की मला झोप लागत नाही, गुडघा दुखला की मी मोजत बसते की मामाला किती वर्षं मिळाली. ती पिशवी आवरत राहिली. मी जिना उतरले आणि रांगेत बसले. बोट पुढे करायची माझी पाळी आली तेव्हा मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आई होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्या आधी आपलं बोट पुढे केलं.

रिपोर्ट यायला काही दिवस लागले. तो घ्यायला आम्ही पुन्हा गोंदियाला आलो. समुपदेशक म्हणून एक तरुण मुलगी बसली होती. आम्ही दोघीही वाहक निघालो. तिने बोटांनी टेबलावर रेघा काढत समजावलं. वाहक म्हणजे आजारी नाही. निम्मं आईकडून येतं, निम्मं बापाकडून. दोन्ही निम्मे एकत्र आले तर आजार. तुमच्यात एकच आहे, तुम्ही पूर्ण आयुष्य जगाल, फक्त नवरा करताना त्याची तपासणी करून घ्या. धाप लागते ती लोहाच्या कमतरतेची, त्याच्या गोळ्या देते.

मी ऐकत होते, पण आई ऐकत नव्हती. ती दुसऱ्याच गोष्टीवर अडली होती. तिने त्या मुलीला विचारलं, "माह्या भावाचे हातपाय दुखत ते खरंच दुखत होते का?"

मुलगी गोंधळली. आईने सांगितलं की तो काम आलं की गोधडीत शिरायचा. आजोबा त्याला कामचोर म्हणत, काठीने उठवत. गावातली पोरं हसत. ती स्वतः त्याच्याहून लहान होती, तीही हसायची. तो गेला तेव्हा धानाची रोवणी चालू होती आणि आदल्या दिवशी त्याला चिखलात उभं केलं होतं.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, त्यात हाडाच्या आत दुखतं. मोठी माणसंसुद्धा दुखण्याने ओरडतात. आणि गार पाण्यात, पावसात जास्त."

आईने टेबलावरच्या त्या न दिसणाऱ्या रेघांवरून बोट फिरवलं. इतकी वर्षं ती 'मंग पाहू' का म्हणत होती, ते मला तेव्हा थोडंसं कळलं. तिला माझ्या रक्ताची भीती होतीच, पण हे उत्तर ऐकायची त्याहून जास्त होती. बाहेर आल्यावर तिने नळावर तोंड धुतलं आणि म्हणाली, चल, गाडी सुटेल.

आमगावच्या घराला मी स्वतः सांगितलं. मुलाच्या आईशी फोनवर बोलले, काय निघालं आणि त्याचा अर्थ काय, सगळं. त्या म्हणाल्या की मुलाचीही तपासणी करू, मग बोलू. अजून त्यांचा फोन आलेला नाही. येईल किंवा येणार नाही. फोन वाजला की मला भीती वाटते, हे खरं आहे, पण मी तो उचलते.

गेल्या आठवड्यात ताईकडे गेले होते. बाळाने अंग धरलं आहे. दुपारी पोरीला झोपवून ताई आणि मी ओसरीवर धान निवडत बसलो होतो. त्या दिवसातलं तिला फारसं आठवत नाही. स्ट्रेचर आठवतं, छतावरचे दिवे आठवतात, मग एकदम बाळाचा आवाज. मधलं मी तिला सांगितलं, शिंप्याचंही सांगितलं. तो कोण, कुठला, तिने विचारलं. आम्हाला त्याचं नाव माहीत नाही.

मग तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि जे कोणाला सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं. म्हणाली, सगळे म्हणतात आता कशाची भीती. पण अजून झोपेतून जाग आली की ती आधी अंधारात अंगाखाली हात फिरवते, गादी रक्ताने ओली तर नाही ना ते बघते. कोरडी लागली की मग बाळाकडे वळते.